पहिलवानाचं वजन

९ जून

ताई,

तुझी टोपली पोचली. कंडक्टरने ती हातात दिली तेव्हा इतकी हलकी लागली, मला वाटलं, ताई विसरली आणि रिकामीच पाठवली. झाकण उघडलं तर आतून कापसाचा गोळा माझ्यावर गुरगुरला. मूठभर कुत्र्याचं पिल्लू आणि तोरा असा, की घर त्याचं नि आम्ही भाडेकरू. ह्यांनी जागच्या जागी नाव ठेवलं, पहिलवान.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी म्हटलं खरं, पण तू चिमणीसाठी पाठवलंस हे कळतं मला. बाळ झाल्यापासून पोरगी गप्पगप्पच असते. पूर्वी दुकान बंद झालं की ह्यांच्या मांडीवर चढून दिवसभराचं पुराण सांगायची. परवा बसायला गेली तर हे म्हणाले, "अगं, घोडी झालीस घोडी! गुडघे मोडशील माझे. यंदा तुझ्या फ्रॉकला कापड पुरत नाहीये, मांडी कुठून पुरणार?" दुकानात बसलेली गिऱ्हाइकं हसली, तीही हसली. ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, माणूस मनाने सोन्यासारखा, पण तोंडाला कात्री.

आता खरं काम. दुकानामागची ही दीड खोली तू पाहिली आहेस. मशीन, इस्त्रीचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे, त्यात आता पाळणा. पाय पसरायचा तर आधी कुणाचा तरी काढावा लागतो. चिमणी मोठी झाली. पुढच्या वर्षी तिला तुझ्याकडे ठेवून घेशील का? तुझ्याकडे तीन खोल्या, शाळा जवळ, आणि तुलाही हाताशी कुणीतरी होईल. पोरीजवळ अजून काही बोललो नाही.

पत्र जरा मोठ्या अक्षरात लिही. हल्ली तुझी पत्रं तीच मला वाचून दाखवते. माझे हात एक तर बाळात, नाहीतर काज-बटणांत.

तुझी
धाकटी


२० जून

धाकटे,

पहिलवान म्हणे! बरं आहे. त्याला ते नाव पटेल, कारण आपण लहान आहोत हे या जातीला कुणी सांगितलेलंच नाही. रस्त्याने ट्रक गेला तरी हा त्याला दम देणार. मूर्ती लहान, कीर्ती महान.

मला फोन लावायला दुकान शोधत बसू नकोस. जन्मभर कुत्री पाळून, पिल्लं विकून, या टोळीचं भुंकणं ऐकून माझे कान कामातून गेले आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण तेच म्हणाले असणार. पत्रच लिहीत जा.

आता नीट ऐक. गळ्यात पट्टा बांधायचा नाही, याची श्वासनळी नाजूक असते, ओढलं की चेपते. छातीवरून बांधायचा पट्टा टोपलीत आहे, तो घाल. पलंगावरून उड्या मारू देऊ नकोस, गुडघ्याची वाटी सरकते. याचे दुधाचे दात पुष्कळदा पडतच नाहीत, तोंड उघडून बघत जा. अवेळी झोपायला लागला, लटपटला, थरथरला, अंग गार लागलं, तर समजायचं की पोटात काही नाही. बोटाने हिरड्यांना मध चोळ आणि डॉक्टरकडे पळ. एवढ्याशा जिवात साठा कसला असणार?

आणि मुख्य गोष्ट. डोळ्यांनी बघून काही ठरवू नकोस. या जातीचे केस म्हणजे नुसती फसवणूक. वरून गुबगुबीत दिसतो आणि आत हाडं असतात. रोज केसांत हात घालून बघ. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, टोचता कामा नयेत.

खाणं मी पाठवलेल्या वाटीनेच. हिवाळ्यात कुत्र्यांचं प्रदर्शन आहे आणि हा माझा या वेताचा हिरा आहे, तेव्हा त्याला परत नेणार. तोवर चिमणीचं मन रमेल.

चिमणीचं म्हणशील, तर अजून लहान आहे गं ती. लहान आहे तोवर आईजवळच राहायला हवी. मोठी झाली म्हणजे पाठव, मी नाही म्हणणार नाही.

ताई


२ जुलै

मावशी,

तुझं पत्र मीच वाचलं. आई बाळाला पाजत होती. 'मोठी झाली म्हणजे पाठव' इथे आल्यावर आई म्हणाली, पुरे, बाकीचं मी वाचते. पण पुढे बाकी काही नव्हतंच, तुझी सही होती.

पहिलवान माझ्या पांघरुणात झोपतो. बाबा त्याला मांडीवर घेऊन काज कापतात, तरी तो हलत नाही. गिऱ्हाइकं आली की आधी बाळाला बघतात, मग त्याला. एक बाई म्हणाल्या, हा असाच राहणार ना, एवढाच? बाबा म्हणाले, हो, म्हणून तर गोड आहे.

मला तुला विचारायचंय. तो असा लहान कसा झाला? त्याचे आईबाबाही लहान होते का? जी पिल्लं मोठी होतात त्यांचं तू काय करतेस? लहान राहायला काय करावं लागतं? आणि तू त्याला खरंच परत नेणार का?

माझी उंची शाळेत मोजली. मुलींच्या रांगेत मी मागून दुसरी, माझ्याहून उंच एकच.

तुझी
चिमणी

ता. क. आईला सांगू नकोस मी विचारलं ते. ती म्हणेल मावशीला त्रास देते.


११ जुलै

चिमणाबाई,

तुझ्यासारखी चौकस भाची असल्यावर मला वर्तमानपत्र लागत नाही. घे, एकेक उत्तर.

तुझ्या पहिलवानाचे खापरपणजे बर्फाच्या मुलुखातले दांडगे कुत्रे होते. बर्फावरून गाड्या ओढायचे, मेंढरं राखायचे. एवढे अंगावर केस उगाच नाही आले. मग झालं असं, की एक राणी परमुलखात फिरायला गेली आणि तिथे तिला या जातीतलं एक छोटंसं ध्यान दिसलं. राणीला वेडच लागलं. आणि राणीला आवडलं की गावाला आवडतं. जो तो म्हणू लागला, अजून लहान हवा, अजून लहान. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी लहानातली लहान पिल्लं जपली, आणि गाड्या ओढणारा कुत्रा शेवटी मांडीत मावायला लागला. ती राणी म्हातारी होऊन वारली तेव्हा तिच्या पलंगावर तिचा लाडका कुत्रा होता म्हणतात. मोठमोठे सरदार दाराबाहेर ताटकळत, आणि हा गादीवर!

मोठी निघालेली पिल्लं मी देऊन टाकते. कुणी गोदामाच्या राखणीला नेतं, कुणी मळ्यावर. वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना खायला मिळतं. मांडी तेवढी मिळत नाही. मांडी लहानग्यांची.

लहान राहायला काय करावं लागतं? सोपं आहे. कमी खायचं! त्याने केविलवाणं तोंड केलं तरी विरघळायचं नाही, काय? पोरं लाडाने चारतात आणि पिल्लू बिघडवतात, असली पोरं मी पुष्कळ पाहिली. तू तशी नाहीस. तू शहाणी आहेस, तुला जमेल.

आणि परत न्यायचं म्हणशील, तर तो लहान राहिला तर प्रदर्शनाला नेणार. फोफावला तर घेऊन काय करू? ठेवा मग तुमच्याकडेच राखणीला.

तुझी
मावशी


३० ऑगस्ट

ताई,

पत्राला उशीर झाला. बाळाला दात येताहेत आणि त्याबरोबर सगळं घरच रडतंय.

तुझ्या हिऱ्याची कहाणी ऐक. एक तर त्याचे केस झडले. घरभर केस, शिवलेल्या कपड्यांवर केस, चिमणीच्या फणीत केस. तोंड कोल्ह्यासारखं झालंय आणि शेपूट उंदरासारखी. हे म्हणतात, "वयात आला म्हणून गोडवा गेला." चिमणीला ते आवडत नाही, ती उठून जाते. दुसरं म्हणजे हा वाढतोय. तुझ्याच वाटीने मोजून देते, वर एक दाणा नाही, तुझी शपथ. तरी पोट सुटल्यासारखं दिसतं. घशातून कसला तरी आवाज काढतो, बदकासारखा.

चिमणी मात्र शहाणी झाली गं. मला वाटलं होतं, बाळामुळे रुसेल, हट्ट करेल. नाव नाही! स्वतःचं ताट घेऊन दाराशी पहिलवानाजवळ जेवते, म्हणते, "इथे मोकळं वाटतं, आई, तू बाळाला बघ." ताट असं चकाचक करते की घासायलाही नको. आम्हाला बरंच झालं, टेबलावर तसंही कापलेलं कापड असतं. तिला थंडी फार वाजते हल्ली, अजून हवा गार नाही तरी माझा जुना स्वेटर सोडत नाही.

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी ह्यांनी तिचा गेल्या वर्षीचा गणवेश काढला. उसवून सोडायला म्हणून कात्री घेऊन बसले, तर घालून बघते तो अगदी बरोबर. हे खूश! म्हणाले, "आमची घोडी थांबली बघ. बापाच्या खिशाची दया आली तिला."

मोकळी झालीस की लिही.

धाकटी


८ सप्टेंबर

धाकटे,

केस झडणं सोड, या वयात सगळ्यांचेच झडतात, पुन्हा येतील आणि मोठेपणीचे दाट येतील. पण तो आवाज आणि ते पोट वाचून माझं डोकं फिरलंय. बदकाचा आवाज म्हणजे श्वासनळी. अंगावर चरबी चढली की ती दबते. आणि माझ्या वाटीने खाऊन कोणताही कुत्रा जाडा होत नाही. मी इतकी वर्षं काय गवत उपटलं? तुमच्या घरात त्याला कुणीतरी वरून चारतंय.

तुझा शिंपी असेल. नाहीतर गिऱ्हाइकं बिस्किटं टाकत असतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं करू नकोस, घरातच बघ. कुणाचं ताट जेवणानंतर जास्त स्वच्छ असतं ते बघ, आणि त्याचे कान धर.

आणि वजन करून कळव मला. डोळ्यांनी नाही, सांगितलंय ना.

ताई


२५ सप्टेंबर

ताई,

तू नेहमीच अशी. मी शपथेवर सांगितलं, तरी तुझं म्हणणं मी खोटारडी. वाण्याच्या तराजूत बसवला त्याला. वाणी म्हणाला, "ताई, हा चांगला दुप्पट भरलाय." झालं समाधान?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "मला स्वतःला चहा वेळेवर मिळत नाही, मी त्याला काय चारणार?" गिऱ्हाइकांवर नजर ठेवली, कुणी काही टाकत नाही. चिमणीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशीने मला आधीच लिहिलंय ना, विरघळायचं नाही म्हणून." तिचं ताट रोज रिकामं असतं, मग ती काय देणार? शेवटी मी विचारच सोडला. असेल त्याच्या रक्तात. गाड्या ओढणाऱ्यांचा वंशज ना!

मला दुसऱ्याच काळज्या आहेत. चिमणीच्या बाईंनी बोलावलं होतं. वर्गात झोपते म्हणाल्या. जिन्यात भिंतीला धरून चढते, एकदा लटपटून बसलीच. मी म्हटलं, रात्री बाळ झोपू देत नाही हो कुणाला. हात बर्फासारखे असतात तिचे, बाळाला घेतलं की बाळ रडतं. टॉनिक आणलंय. वाढीच्या वयात मुली अशाच होतात ना? आपण नव्हतो का?

तुझं प्रदर्शन गेलं खड्ड्यात. रागावू नकोस, पण खरंच गेलं.

धाकटी


१ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे, आजच मिळेल.

मी मूर्ख. कुत्र्याचं सगळं कळतं आणि माणसाचं समोर लिहिलेलं दिसत नाही. झोपते, लटपटते, अंग गार, फणीत केस. तुझ्या पत्रात हे सगळं आहे, आणि ते कुत्र्याबद्दल नाही.

ताट रिकामं असतं, बरोबर आहे. ते पहिलवान खातो.

आत्ताच्या आत्ता चिमणीचा स्वेटर वर कर आणि हात घालून बघ. डोळ्यांनी नाही, हाताने. बरगड्या टोचल्या तर रिक्षा कर आणि मोठ्या दवाखान्यात ने. रागावू नकोस तिच्यावर. एक शब्द बोलू नकोस. मध दे, दूध दे, जे घेईल ते दे आणि ने.

मी तिला जुलैत काय लिहिलं होतं ते तुला माहीत नाही. नंतर सांगेन. आधी हे कर.

ताई


१६ ऑक्टोबर

ताई,

दवाखान्यातून लिहिते आहे. बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून.

तुझं पत्र त्याच संध्याकाळी आलं. तू एक विसरलीस, आमच्या घरात पत्रं कोण वाचतं ते. मी इस्त्री करत होते, कडेवर बाळ. चिमणीने ड्रायव्हरच्या हातून घेतलं, फोडलं आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं, "पहिलवान बरा होईल. प्रदर्शनाला मी दुसरं पिल्लू नेते. चिमणी त्याची चांगली काळजी घेते आहे, तिला तुझ्याजवळच ठेव." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, ताईचा राग गेला. पत्र कुठे ठेवलंस विचारलं तर म्हणाली, पहिलवानाने फाडलं.

मग चार दिवसांनी शाळेतून शिपाई आला. तिला उचलूनच आणलं त्याने, एका हातावर. एका हातावर, ताई! म्हणाला, "बाई, हिच्यात काही वजनच नाही." ओठ निळसर, डोळे वर. तुझं ते जूनमधलं वाक्य आठवलं. मधाची बाटली घेतली आणि तिच्या हिरड्यांना बोटाने मध चोळला, कुत्र्याच्या पिल्लाला चोळावा तसा. हे रिक्षा आणायला धावले. तेवढ्यात मी तिचा स्वेटर काढायला म्हणून हात घातला.

मी या हातांनी रोज शेकडो टाके घालते. सुई कुठे आहे, न बघता कळतं मला. आणि माझी पोरगी त्या स्वेटरात कशी झाली होती ते कळलं नाही. स्वेटराखाली फ्रॉक, फ्रॉकखाली आणखी एक फ्रॉक. त्याच्या आत बरगड्या, एकेक वेगळी. मी हात मागे घेतला गं. आई असून हात मागे घेतला.

हृदय अशक्त झालंय म्हणाले. नळीने देताहेत, थोडं थोडं, एकदम दिलं तर तेही झेपत नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, असं का केलंस बाळा? तिने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, गणित सांगावं तसं. मोठी झाले की मला मावशीकडे पाठवणार. पहिलवान लहान राहिला तर मावशी त्याला परत नेणार. म्हणून माझं त्याला दिलं. म्हणजे तो मोठा होईल आणि मी लहान राहीन. म्हणजे दोघंही घरीच.

तुझी पत्रं तिच्या दप्तरात होती. दोन्ही वाचली, जुलैत तिला लिहिलेलं आणि पहिलवानाने फाडलं म्हणाली होती तेही. 'मांडी लहानग्यांची.' 'तुला जमेल.' काय करू मी या पत्रांचं, सांग. तुला शिव्या घालाव्यात तर पाठवायचं मीच काढलं होतं. ह्यांना बोलावं तर ते दुकानाला कुलूप लावून इथे दवाखान्याच्या जिन्यात बसलेत, त्यांचीच मापाची पट्टी हातात घेऊन. म्हणतात, "फ्रॉक सैल होत होता, मला वाटलं कापड ढिलं पडलं. मी दोनदा आत घेतला तो. माझ्या हाताने आत घेतला."

तू येऊ नकोस. तू आलीस की तिला वाटेल, न्यायला आली.

धाकटी


२२ ऑक्टोबर

चिमणे,

हे पत्र आई तुला वाचून दाखवेल. तू ऐकायचं फक्त.

मी तुला खोटं लिहिलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू पिल्लाला फार चारशील म्हणून मी थट्टेने एक उत्तर फेकलं. खरं उत्तर मला माहीत होतं, ते असं आहे. लहानपण रक्तात असतं, ताटात नसतं. लहान आईबापांच्या पोटी लहान पिल्लू होतं. उपाशी ठेवून कुणी लहान राहत नाही. उपाशी ठेवलेली पिल्लं मी बघितली आहेत, लोक फसवून विकतात ती, 'मुठीत मावेल' म्हणून. ती लहान नसतात. ती मरत असतात.

आणखी एक. मोठी निघालेली सगळीच मी दिली नाहीत. एक म्हातारी कुत्री आहे माझ्याकडे, चांगली दांडगी, कोणत्याही प्रदर्शनात तिला कुणी उभं करणार नाही. ती माझ्या पलंगावर झोपते. मला ऐकू येत नाही म्हणून कुणी दाराशी आलं की ती मला नाकाने ढोसून उठवते. ती नसती तर दाराशी आलेलं माणूस मला कधी कळलंच नसतं. हे मी तुला जुलैत लिहायला हवं होतं.

पहिलवानाचं ऐक. तुझ्या वाटणीचं खाऊन त्याचा गळा दबलाय, दम लागतो त्याला. तू त्याला जे दिलंस ते त्याच्याही कामाचं नव्हतं, बाळा. तुझं तू खा. त्याचं तो खाईल. तो आता तुझाच, मी नेणार नाही. आणि तुलाही कुणी कुठे नेणार नाही. आईबाबांनी मला तसं लिहून दिलंय, आणि मी तुला लिहून देते.

मोठी हो. ताडमाड मोठी हो. दारातून आत येताना वाकावं लागलं तरी चालेल.

तुझी
मावशी


२८ नोव्हेंबर

मावशी,

मी घरी आले. तुझं पत्र आईने तीनदा वाचून दाखवलं. 'ताडमाड' आलं की दर वेळी ती कागद खाली ठेवून माझे केस सारखे करते.

आता खूप छान आहे. आई मला मांडीवर घेते. खरंच. सगळी मांडी माझी, बाळ पाळण्यात असतं आणि रडलं तरी आई म्हणते, थांब रे, ताईचं होऊ दे. ती मला हाताने भरवते, एक घास चिमणीचा, एक घास काऊचा, बाळाला भरवतात तसं. बाबा दुकान अर्धा दिवस बंदच ठेवतात. ते मला घोडी म्हणत नाहीत. काल त्यांनी मला उचलून गिऱ्हाइकांना दाखवलं आणि म्हणाले, हे माझं पिल्लू, मरणाच्या दारातून आणलं. मग रडले. बायका पण रडल्या. एकीने माझा गालगुच्चा घेतला.

बाबांनी नवा फ्रॉक शिवलाय, निळा. माप घेतलं नाही, मागच्याचंच धरलं. म्हणाले, कापड उरलं. उरलेल्याचं बाळाला झबलं शिवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंची आता किती वाढेल सांगता येत नाही, कदाचित फारशी नाही. आई बाहेर जाऊन रडली. मी नाही रडले.

पहिलवानाचे नवीन केस आले, खूप दाट. तो जिना चढताना मध्ये थांबतो आणि बदकासारखं करतो, मग मी पण थांबते. आम्ही दोघंही थांबत थांबत जातो. त्याला आईने वाटी लहान केली आहे, त्याला ते आवडत नाही. बिचारा सारखा माझ्याकडेच बघतो.

तू मला खोटं लिहिलं होतं असं म्हणतेस, पण तसं नाही मावशी. तू खरंच लिहिलं होतंस. मी करून बघितलं ना. तू उगाच वाईट वाटून घेऊ नकोस.

फक्त एक सांग. तू लिहिलंस मोठी हो. मग मोठी झाल्यावर हे सगळं बंद होईल ना?

तू येऊ नकोस हं, तिथूनच लिही. आता थांबते. आई भरवतेय आणि मी एका हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. ती म्हणते, शेवटचा घास, आ कर. तो गालात ठेवलाय मी. पहिलवान खाली वाट बघतोय.

तुझी
चिमणी